मुलीकडचे 'कीन' दिसतात

बुधवार, संध्याकाळ. मुलुंड.

माझ्या भाचीला, ईशाला, रविवारी भांडुपचा मुलगा पाहून गेला. तिला तो आवडलाय. पण वहिनीचं फर्मान: आपण आधी फोन करायचा नाही, मुलीकडचे 'कीन' दिसतात! गंमतच. मुलीची नजर कीन हवी, बुद्धी कीन हवी. धार चालते, उत्सुकता तेवढी नको. हे मी तोंडावर का नाही बोलले? माझ्यासारखी फटकळ बाई, आणि गप्प?

शेवटी आज ईशानंच सगळ्यांसमोर फोन स्पीकरवर लावला. "ऐक ना, मी कीन आहे. तू?"

वहिनीनं कपाळावर हात मारला.

"सुटलो यार!" तो ओरडला. "आई मला फोनच करू देत नव्हती."

या दोन आयांचं तर झकास जमेल.