तळातलं वरण

उजनीकाठ, शनिवार

प्रिय अपेक्षा,

तुला आणि तुझ्या खोलीतल्या तिन्ही पोरींना माझा आशीर्वाद. तुझा नवनाथ उद्या सकाळच्या गाडीनं सोलापूरला येतोय. त्याच्या पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि हे पत्र घालतेय. घरात फोन असताना सासूनं कागद का खराब केला, असं म्हणशील. फोनवर तू "बरं हाय ना सगळं?" म्हणतेस, मी "व्हय" म्हणते आणि खरं बोलायचं राहून जातं. नवनाथच्या पहिलीच्या पुस्तकात त्याच्या शेजारी बसून अक्षरं गिरवली, तेव्हापासून कागदावर मात्र मला खोटं लिहिता येत नाही.

आधी गोड. काल अंगणवाडीत वजनं झाली. आपली चैताली आठ किलो शंभर भरली! वैजयंतीताईंनी काटा दोनदा बघितला आणि पेन माझ्या हातात दिलं, म्हणाल्या, कार्डावर ठिपका तुम्हीच मारा. ठिपका हिरव्यात पडला, अपेक्षा. चार महिन्यांपूर्वी पोरगी पिवळ्या पट्ट्याच्या तळाला, धोक्याच्या केशरी पट्ट्याच्या उंबऱ्यावर बसली होती. शेजारच्या मीनाबाईला गप्प बसवतंय कोण? म्हणाली, "बजाबाई, पोरीला तुमच्या मांडीसकट मोजली का?" मी म्हटलं, "मांडीसकट मोजली असती तर काटा राहिला असता का?" सगळ्या बाया हसत होत्या तोवर चैतालीनं मीनाबाईची चप्पल उचलली आणि दुडुदुडु दारापर्यंत नेली. व्हय, चालते आता ती.

आता कडू. तू नर्सिंग शिकायला गेलीस तेव्हा पोरगी आठ महिन्यांची. तुझं दूध तुटलं आणि तिचं खाणंपिणं माझ्या हातात आलं. मी माझ्या सासूनं शिकवलं तेच करत गेले. वरण शिजलं की पातेलं हलवायचं नाही, पळी वरच्या वर फिरवायची आणि निवळ पाणी लेकराला पाजायचं. तळाचं घट्ट, ते रानातून दमून आलेल्या माणसांचं. लेकराला जड पडतं, पोट धरतं, हे मला दगडावरच्या रेघेसारखं पक्कं ठाऊक होतं. दिवाळीला आलीस तेव्हा तू पातेल्यात डोकावून हळूच म्हणालीस, "आत्या, तळातलं द्या की तिला." झालं, माझं डोकं फिरलं. "तीन लेकरं वाढवली ह्या हातानं. कॉलेजात आता वरण शिकवत्यात व्हय?" भांडी घासताना तुझा चेहरा दिसला होता मला. दिसून न दिसल्यासारखं केलं.

आठव्या महिन्यात सहा किलो दोनशे, अकराव्यात सहा किलो तीनशे. तुला फोनवर सांगत राहिले, खेळतेय मजेत. कार्डावरची रेघ आडवी निजली होती. ती कळायला काही शाळा लागत नाही. मी कार्ड ज्वारीच्या कोठीमागं सरकवून ठेवलं. अंगणवाडीतून पोरीसाठी पिठाची पाकिटं मिळायची, ती शेळीला चारली. फुकटचं पीठ आपल्या नातीला कशाला, हा माझा तोरा. शेळी गुबगुबीत झाली आणि नात वाळत चालली.

दिवाळीनंतर महिन्याभरानं वैजयंतीताईंनी सगळ्यांना सांगितलं, लेकराला घरी जे देता ते वाटीत घेऊन या. मी वरणाचं पाणी मिरवत नेलं. ताईंनी एकेकीच्या वाटीतून चमचा भरला आणि उलटा केला. "चमच्याला धरून राहिलं तर लेकराच्या अंगी लागंल," म्हणाल्या. पलीकडच्या आळीतल्या अंकिताची मऊ खिचडी चमच्याला चिकटून राहिली. माझं सगळं भुईवर. तिथं एक कोंबडी हिंडत होती, ती आली, मान वाकडी करून बघितलं आणि निघून गेली. कोंबडीनं चोच लावली नाही ते मी नातीला तीन महिने पाजत होते, अपेक्षा. त्या दिवशी सगळ्या बाया हसल्या. मला तुझे दिवाळीतले शब्द आठवत होते.

घरी येऊन पातेलं तळापासून ढवळलं. ज्वारी आणि मूगडाळ भाजून दळून आणली, शेंगदाण्याचं कूट अगदी मऊ केलं, त्याची गूळ घालून घट्ट लापशी. वर चमचाभर तूप. कधी कुस्करलेलं केळं, कधी अंडं, धरणाची चिलापी मासळी मिळाली की काटा न काटा काढून भातात कालवलेला घास. दिवसातून पाचदा, थोडं थोडं. पहिले आठ दिवस पोरीनं थुंकून माझं लुगडं रंगवलं. नवव्या दिवशी वाटी ओढून घेतली. पाकिटातलं पीठही आता तिलाच. शेळी माझ्याकडं सवतीसारखी बघते. बघू दे!

आता ज्याच्यासाठी पेन उचललं ते. नवनाथ परवा बोलून गेला की तू कोर्स सोडायचा अर्ज लिहून ठेवलायस, सोमवारी देणार आहेस. "माझ्यामुळं लेकरू वाळलं," असं तू म्हणालीस म्हणे. ते वाक्य तुझं नाही, पोरी, माझं आहे. दिवाळीला मीनाबाईसमोर मीच म्हणाले होते, आई जवळ नसली की लेकरू वाळणारच. तू ते उराशी घेऊन गेलीस आणि माझी चूक मला कळल्यावरही मी ते परत घेतलं नाही. आज घेते. लेकरू तुझ्या जाण्यानं वाळलं नव्हतं, माझ्या पळीनं वाळलं होतं. तू सोलापुरातच होतीस आणि पोरगी इथं दोन किलोला दोनशे कमी एवढी वाढली, याच्यापेक्षा मोठा पुरावा तुला कोण देणार? भाकरीच्या फडक्याखाली तिचं कार्ड ठेवलंय. शेवटचा ठिपका बघ, जरा वाकडा आहे, मीच मारलाय. तो बघ आणि अर्ज फाड. पांढरे कपडे घालून, पास होऊन ये. मग आळीतल्या बायांपुढं चमचा तू उलटा करायचास, वाटी मी धरते.

तुझीच, पळी तळापर्यंत घालायला तुझ्याकडून शिकलेली,
बजाबाई