समासातले गोल

धाकटे,

तुझा फोन बंद लागतोय, म्हणून ही चिठ्ठी दाराशी तुझ्या घरात घालायच्या चपलेत ठेवते आहे. घरात शिरलीस की आधी त्याच पायात घालतेस.

आपली ती सरदाराच्या वेंधळ्या मुलाची कादंबरी. हसू आलं की समासात तुझी फुली, माझा त्रिकोण. काल झोपताना नव्वदाव्या पानावर थांबलो, तू हसून हसून उशी चावत होतीस. आज सकाळी तू बाहेर पडल्यावर मी अर्धा तास दूध आणायला गेले. परत येऊन पुस्तक उघडलं, तर पुढच्या पानांवर पेन्सिलीने गोल काढलेले.

या खुणांवरून आपली टिंगल करणारा एकच माणूस, तुझा नवरा. "बसल्या दोघी पेपर तपासायला," म्हणायचा. त्याला सोडून आलीस तेव्हा इथली किल्ली त्याच्याकडे राहिली, हे तू मला लगेच सांगितलं होतंस. कुलूप बदलायचं मी आज-उद्या करत राहिले. चूक माझी.

दार फोडलेलं नाही. काही चोरीला गेलेलं नाही. पहिला गोल नायिका घर सोडते तिथे आहे. शेवटचा, नायक तिच्या कपाटात लपून शिंक दाबतो तिथे. त्यापुढे गोल नाहीत.

तुझ्या खोलीतलं कपाट मी उघडून पाहिलेलं नाही. आवाज न करता बाहेर पडून पोलीस चौकीवर जाते आहे.

चपला घालू नकोस. मला हाक मारू नकोस. अशीच खाली शिवणवाल्या काकूंकडे जा आणि मी येईपर्यंत तिथेच बस.

ताई