मिरीची नोंद 'मिरची' अशीच ठेवण्याबाबत

प्रति,
मा. पीक नोंदणी अधिकारी,
पीक नोंदणी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : माझ्या पिकाच्या नोंदीतील चूक कृपया कायम ठेवण्याबाबत.
संदर्भ : १) चूक दुरुस्त करावी, असा माझाच गेल्या वर्षीचा अर्ज. २) तो मंजूर झाल्याचे आपले कालचे पत्र.

महोदय,

आपले पत्र वाचून मी लगेच हा उलटा अर्ज लिहायला घेतला. कारण सादर करते.

१. माझ्या सासूबाईंनी लावलेले काळ्या मिरीचे चाळीस वेल आमच्या परसातल्या झाडांवर चढलेले आहेत. आपल्या लिपिकांनी वहीत 'मिरची' लिहिले. मी दुरुस्ती मागितली, त्यांनी पुरावा मागितला. मी उन्हात वाळवलेली वाटीभर मिरी नेऊन दिली.

२. ती 'मिरची' याच नावाने तपासणीला गेली. अहवाल आला : "मिरची आकाराने खुंटलेली, गोल व संपूर्ण काळी पडलेली. रोग गंभीर. पीक उपटून जाळावे."

३. गेल्या महिन्यात त्यासाठी आपले पथक आले. चौघांनी कंबर मोडेपर्यंत वाकून गुडघाभर रोपे शोधली. वर कोणी पाहिले नाही. वेलाखाली बसलेल्या सासूबाईंना प्रमुखांनी विचारले, "आजी, मिरची कुठंय?" त्या म्हणाल्या, "एक रोप नाही बाबा, शपथेवर सांगते." हे अक्षरशः खरे होते. 'रोगट पीक आधीच नष्ट केलेले आढळले' असे लिहून पथकाने माझे लेखी अभिनंदन केले.

४. आता नोंद 'मिरी' झाली. रोगही तिच्या नावावर चढला. मात्र 'मिरी नष्ट केल्याची नोंद नाही', म्हणून पथक सोमवारी पुन्हा येणार आहे. या वेळी ते वर पाहतील.

५. मिरी वाळली की काळीच होते, हे मी लिपिकांना सांगून पाहिले. ते म्हणाले, "बाई, काळं पडणं हाच तर रोग!" मी एक दाणा चावायला दिला. डोळे पुसत म्हणाले, "तिखट तर आहे. मग आमचं आधी काय चुकलं होतं?"

६. सासूबाई कालपासून वेलाखालून उठलेल्या नाहीत. ताट तिथेच नेऊन देते. अर्धे परत येते.

तरी चूक पूर्ववत करावी. ते नियमात बसत नसेल, तर निदान एवढे करावे. घोसांत एखाद-दुसरा दाणा लाल झाला आहे, म्हणजे तोडणी आठवड्यावर आली आहे आणि आमच्याकडे हात कमी आहेत. पथकाने येताना दोन शिड्या आणाव्यात. आधी मिरी उतरवू. जाळण्याचे मग बघता येईल.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
मिरीवाली
शुक्रवार, दि. १४

सोबत : अभिनंदनपत्राची प्रत. सासूबाईंची सही जोडलेली नाही. त्यांना 'नम्र' हा शब्द मान्य नाही.