दोरा कुणी कापायचा

बिश्केक, ४ मे २०१५

चि. जुमाकादिर यास,

शनिवार, दोन मे, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, तुझ्या बागेत, जर्दाळूच्या झाडाखाली, सगळ्या पाहुण्यांसमोर तू तुझ्या थोरल्या बहिणीच्या, तुझ्या एजेच्या, हातातली सुरी काढून घेतलीस. आशीर्वाद पत्राच्या शेवटी आहेत. तिथवर वाचलंस तर मिळतील. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू हो एजे, हो एजे करत चहा पीत बसतोस.

आधी हे आठव की तीन दिवसांच्या सुट्टीचा सगळा घाट माझा होता. तुझा एरनिस बायको-पोराला घेऊन इसिक-कुलला निघाला होता. मीच त्याला म्हटलं, अरे, मे महिन्यात त्या सरोवरात घोडासुद्धा पाय घालत नाही, आणि निम्मी सुट्टी रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत जाईल. घरी काय कमी आहे? शुक्रवारी बागेत सतरंज्या, सामोवार आणि मेंढीच्या हाडांचा डाव, ज्यात तू लबाडी केलीस. शनिवारी, नातू बेकतुर चालायला लागला म्हणून, त्याच्या पायातला दोरा कापायचा समारंभ. रविवारी बुरानाच्या मनोऱ्यापाशी पतंग.

आज्यांची शर्यत हीसुद्धा माझीच कल्पना. शर्यतीत पहिला येईल त्यानेच दोरा कापायचा, तर नेहमी पोरांनीच का पळायचं? आम्ही रुमाल घट्ट बांधले, बूट काढले आणि पळालो. मी पहिली आले. तुझी शेजारीण तुर्सुन माझ्या चांगली मागे होती. बेकतुर लोकरीच्या पांढऱ्या नमद्यावर उभा, दोन्ही घोट्यांना काळा-पांढरा दोरा. मी धापा टाकत सुरी उचलली, वाकले, आणि तू माझं मनगट धरलंस. म्हणालास, एजे, राहू दे, तुर्सुन पाहुणी आहे, तिला मान देऊ. तुर्सुन पाहुणी कधीपासून झाली? तिची कोंबडी रोज तुझ्या अंगणात अंडं घालते!

लोक हसले. मीही हसले, आणि त्याचीच जास्त लाज वाटते. मग डोकं दुखतंय सांगून घरात जाऊन बसले. डोकं अजिबात दुखत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पतंग न बघता पहिल्या मिनीबसने निघून आले.

दोरा कापणाऱ्याचे गुण पोरात उतरतात, हे मलाही माहीत आहे. माझ्या पायातला जोर त्याच्यात उतरला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? प्रसूतिगृहाची मेट्रन होते मी. अर्ध्या शहराची नाळ कापली, आणि तू मला एक दोरा कापू दिला नाहीस. का, ते लिही.

सर्वांस आशीर्वाद. तुलाही, नाइलाजाने.

तुझी एजे,
बुरुलकान

*

तोकमोक, ११ मे

ती. एजेस,

धाकट्या भावाचा नमस्कार, मान खाली घालूनच. तुझं पत्र खुराड्यामागे जाऊन वाचलं. बासष्ट वर्षांचा आजोबा मी, आणि शाळेतून चिठ्ठी आल्यासारखा लपलो.

पाहुणीचा मान वगैरे मी जागच्या जागी रचलं. इतकं बेचव रचलं की तुर्सुनच्याही गळी उतरलं नाही. खरं असं, की तू पळत असताना कुणीतरी माझ्या कानाशी आलं आणि म्हणालं, एजेंच्या हातून नको. मला वाटलं, तू काही पहिली येत नाहीस, प्रश्नच मिटेल. सहासष्टाव्या वर्षी इतकं पळतं का कुणी?

कोण आलं ते मी सांगणार नव्हतो. पण माझ्या तोंडावरून सुनेने, मेरिमने, ओळखलं की तुझं पत्र आलंय. आता ती स्वतःच तुला लिहायचं म्हणते. मी नको म्हटलं, एरनिसही नको म्हणाला. ती म्हणाली, तुम्ही दोघं बाप-लेक बागेला पाणी घाला.

एजे, तिच्यावर ओरडू नकोस. ओरडायचंच असलं तर मी आहे, मला लहानपणापासूनची सवय आहे.

माया आटू देऊ नकोस.

तुझा,
जुमाकादिर

*

तोकमोक, १२ मे

ती. बुरुलकान आपांना,

मेरिमचा नमस्कार. गुडघे दुखत असतील तर शेकत जा. त्या दिवशी तुम्ही अनवाणी पळालात.

सासऱ्यांच्या कानात मी सांगितलं.

शुक्रवारी बागेत चहा चालला होता. बेकतुर दोन-चार पावलं टाकून खाली बसला. तुम्ही म्हणालात, पोर आईवर गेलंय, तिलाही बसल्या जागी सगळं आयतं लागतं. नारिनहून आणलेली मेंढी, दिसायला गुबगुबीत, उठवायला गेलं तर फतकल. सगळे हसले. माझी आईही हसली. ती नारिनहून बस बदलत बदलत दिवसभराचा प्रवास करून नातवासाठी आली होती. लेकीच्या सासरी न हसून कसं चालेल? नंतर माझ्याबरोबर भांडी विसळताना तिने विचारलं, तुला इथे रोजच असं बोलतात का गं? मी म्हटलं, नाही, आपा फक्त सुट्टीला येतात.

तुम्ही मनाच्या वाईट नाही. बेकतुर झाला तेव्हा माझ्या उशाशी बसून होतात, माझे केससुद्धा तुम्ही विंचरलेत. ते मी विसरलेली नाही. पण शनिवारी तुम्ही सगळ्यांच्या पुढे पळत येताना दिसलात आणि मला मोठा झालेला बेकतुर दिसला. तुमच्यासारखाच हुशार, घरभर सगळ्यांना हसवणारा. माझ्यावर. ते माझ्याच्याने बघवेना.

तरी तुम्हाला चारचौघांत थांबवायला लावलं, ते चुकलंच. आदल्या दिवशी तोंडावर बोलायला हवं होतं, तेवढा धीर झाला नाही. तुर्सुन आपा दोरा कापताना रडत होत्या. तुम्ही तोवर घरात गेला होतात. तेव्हापासून त्या आमच्याकडे आल्या नाहीत. त्यांनाही लाज वाटते आणि मलाही.

रागवा, पण त्याच्यावरची माया तोडू नका.

मेरिम

*

बिश्केक, २० मे

चि. मेरिम हिला,

आशीर्वाद द्यायला हात उचलला, पण आधी हे लिहिते.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. खोटं सांगत नाही. जुमाकादिरला फोन लावायला घेतला, आणि त्याला सुनावण्यासाठी मी त्या दिवशी खरंच काय बोलले होते ते आठवायला लागले. आठवेना. लोक हसले एवढं आठवतं. मी आणखी एक पेला चहा मागितला, तो तूच आणून दिलास, हेही आठवतं. तुझ्या आईचा चेहरा मात्र आठवत नाही. तिने कसला रुमाल बांधला होता तेही नाही. दोन दिवस एका सतरंजीवर बसून मी त्या बाईकडे पाहिलंच नव्हतं.

वॉर्डमध्ये बायका कळांनी थकून गेल्या की मी टोमणा मारायची. त्या चिडून जोर लावायच्या, मूल बाहेर यायचं. मग मला वाटायला लागलं की माझं बोलणं सगळीकडेच उपयोगी पडतं. हे कारण झालं. याने काही भरून निघत नाही, तेवढं मला कळतं.

तू चुकलीस असं मला वाटत नाही. माझं पोर असतं तर मीही सुरी काढून घ्यायला लावली असती, आणि कानात नाही, ओरडून.

तुझी पत्रात क्षमा मागून मोकळं होणं सोपं आहे. बोलले बागेत, सगळ्यांसमोर, तर ते तिथेच परत घेतलं पाहिजे. ऑगस्टच्या शेवटी स्वातंत्र्यदिनाला धरून पुन्हा तीन दिवस सुट्टी आहे. लांब कुठे जायचं नाही. त्याच बागेत, तीच माणसं. तुझ्या आईसाठी नारिनहून टॅक्सी मी करेन. चहा मी ओतेन, तिला पहिला. मी जागेवरून उठून, तिचं नाव घेऊन सांगेन की तुमच्या लेकीबद्दल मी वाईट बोलले आणि तुम्हाला हसावं लागलं. तुर्सुनलाही सांगेन. त्यावर कुणी हसलं तर हसू दे. मग टरबूज कापा, हाडांचा डाव मांडा, पोराला कालव्यात डुंबवा. मी गप्प बसून बघेन. मला गप्प बसता येतं की नाही, हे मलाच ठाऊक नाही.

पण त्या घरात राहतेस तू. मी यायचं की नाही, ते तू ठरवायचं. जुमाकादिर या म्हणेल, एरनिसही म्हणेल. त्यांचं मी धरणार नाही. घरची सून म्हणून भिडेने लिहू नकोस. बेकतुरची आई म्हणून लिही.

शेवटी लोभ असू द्यावा असं लिहायची पद्धत आहे. या वेळी माझ्याने लिहवत नाही.

उत्तर वीस जूनच्या आत हवं, लेखी, तुझ्या अक्षरात. या, एवढंच लिहिलंस तरी पुरे. येऊ नका असं असलं तर तेही तेवढंच लिही. कारण लिहायचे कष्ट घेऊ नकोस, ते तू एकदा लिहिलं आहेस.

बुरुलकान