मुनीमजींचं वजन

नाकाडोंगरी, १२ नोव्हेंबर १९७८

पोचलो एकदाचा! तुमसरहून निघालेली बस वाटेत दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा उतरून ढकलली, आणि दोन्ही वेळा बसच्या आधी माझाच दम संपला. पण गाव झकास आहे. पुढे धानाची शेतं, मागे सागाची टेकडी, आणि मधे आमची राइस मिल. मालक भैय्यालालजींनी मिलमागची खोली दिली आहे. नागपूरच्या आमच्या बिऱ्हाडापेक्षा हवेशीर.

इथे का आलो ते लिहून ठेवतो. बाबा बेचाळिसाव्या वर्षी जेवता जेवता पाटावरच कोसळले. मला एक्केचाळीस पुरी झाली, आणि पोट हुबेहूब त्यांचंच. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, वजन उतरवा, नाहीतर मुलीचं लग्न बघायला राहणार नाही. सुधा अजून दुसरीत आहे. होळीला ओळखू येणार नाही इतका बारीक होऊन येतो, असं तिला सांगून आलो आहे.

तर पहाटे टेकडी चढायची, मग दंड-बैठका. जेवणात ज्वारीची भाकरी, बिनतेलाची भाजी, ताक. साखर बंद, भात बंद. राइस मिलचा मुनीम आणि भात बंद! धान जोखायच्या काट्यावर उभा राहिलो. ब्याण्णव किलो. मुनीमजी सव्वा कट्टा भरले, असं हमाल तुलारामने ओरडून जाहीर केलं. इथला कट्टा म्हणजे धानाचं पंचाहत्तर किलोचं पोतं. मीही हसलो. हसण्यासारखंच होतं.

१६ नोव्हेंबर

भूक. दुसरं काही सुचत नाही. दिवसभर नव्या तांदळाचा वास नाकात, आणि पुढ्यात दुधीची उकडलेली फोड. मालकांकडून खीर आली ती मोठ्या मनाने तुलारामला दिली, तर त्याने ती माझ्यासमोरच बोटं चाटत संपवली.

शेजारची कुंताबाई माझा स्वयंपाक करते. बाई मायाळू, पण जिभेला हाड नाही. भात नको म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं. "भात खात नाही तं मंग जेवता काय जी?" असं विचारून तिने माझ्या भाकरीकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो. टेकडी अजून अर्धीच चढवते. पोटऱ्या ठणकतात. असल्या जगण्यापेक्षा बाबांसारखं जेवून मेलेलं काय वाईट, असंही एकदा मनात आलं.

२६ नोव्हेंबर

एकोणनव्वद! आज न थांबता माथ्यापर्यंत गेलो. तुलाराम म्हणतो मुनीमजी आता एकाच कट्ट्याच्या वाटेला लागले.

आता अंगात ताकद आणायची. मुद्गल काही इथे मिळत नाहीत. अर्ध्या चढावर पायवाटेला लागून दगडांचा ढीग आहे, कुणी कशाला रचला देव जाणे. त्यातला नारळाएवढा दगड उचलला, खांद्यावर घेऊन माथा गाठला आणि तसाच खोलीवर आणला. रोज एक आणायचा, जरा मोठा. फुकटातली तालीम!

३ डिसेंबर

भिंतीशी दगडांची रांग लागली आहे. विजार कमरेवर राहत नाही, पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं. मोठ्या तोऱ्यात काट्यावर चढलो.

सत्त्याण्णव.

तुलारामवर खेकसलो, काटा बिघडवलास म्हणून. त्याने जोखलेला कट्टा ठेवून दाखवला. काटा बरोबर होता. मग मी काय हवा खाऊन वाढतो? इतके दिवस मनावर दगड ठेवून बसलो ते कशासाठी?

१० डिसेंबर

एकशे आठ. एकशे आठ! रात्रीची भाकरी बंद करूनही. गालफडं बसली, बरगड्या मोजता येतात, बोटातली अंगठी गळून पडते. भैय्यालालजी हळहळले, "मुनीमजी, आप तो सूख गए।" आणि काटा म्हणतो एकशे आठ. राग कुणावर काढावा कळत नाही. काल ताटच भिरकावलं. कुंताबाईने भाजी पुसून घेतली, त्याची लाज वाटते.

दुपारी बाजेवर पडलो तर सुतळी तुटून जमिनीला टेकलो. बायकोला, ललिताला पत्र लिहायला बसलो, प्रकृती छान आहे असं लिहिलं, फाडून टाकलं.

१४ डिसेंबर

कुंताबाई आज पहिल्यांदा आतल्या भिंतीपर्यंत आली आणि दगड बघून तिच्या हातातलं ताक सांडलं. कुठून आणले, विचारलं. सांगितलं.

तिने सांगितलं ते असं. फार वर्षांपूर्वी जंगलात लाकडं तोडायला गेलेला एक मजूर परतताना तापाने त्या चढावर पडला. सोबतच्या एकेकाला त्याने हात जोडले, मले घेऊन चला. प्रत्येकाच्या डोक्यावर मोळी. प्रत्येकजण म्हणाला, माझं ओझं मलेच जड. सकाळी लोक गेले तेव्हा तो मेला होता. पण मागणं सुटलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पाठीवर चढू लागला. तो उठू नये म्हणून त्या वाटेने जाणारा प्रत्येकजण त्याच्यावर एक दगड ठेवतो.

"थो दगड ठेवाचा असते, मुनीमजी. उचलाचा नसते."

मी तिला फाडफाड बोललो. अडाणीपणा, भाकडकथा, काय काय. ती उंबऱ्याबाहेर गेली आणि तिथूनच विचारलं, काहून जी, खांदे असे काहून वाकले तुमचे?

१७ डिसेंबर

सगळे दगड परत नेऊन ठेवले. पुन्हापुन्हा चढलो. चढताना दर खेपेला वाटे, आता हलकं होईल. शेवटचा ठेवला, हात जोडले, चुकलो म्हणालो. मी, ज्याने कधी घरच्या देवापुढेही धड हात जोडले नाहीत.

खाली येऊन थेट काट्यावर. एकशे एकेचाळीस.

तुलाराम हसला नाही. त्याने काट्यावरचा हात काढून घेतला आणि मागे सरला. हमालाला वजन समजायला काटा लागत नाही. दोन माणसांचं आहे, एवढंच म्हणाला.

१९ डिसेंबर

हिशेब लिहीत होतो. भर दुपार, मिल चालू. मानेवर श्वास लागला. गरम, तापातल्या माणसाचा असतो तसा. मागे वळलो नाही. वळता आलंच नाही, मान दाबलेली.

भात मागवला. पोटभर खाल्ला, तुपाबरोबर. कसलं पथ्य आणि कसलं काय. चव लागली नाही. पोट रिकामंच.

२१ डिसेंबर

घरी जातो. ठरलं. काही नको, नोकरी नको, पगारही नको.

बस आली. पायरीवर पाय उचलेना. दांडा धरून ओढलं स्वतःला, हात सुटले. कंडक्टर म्हणाला लवकर करा जी. लोक वरून बघत होते. मी म्हणालो, जरा हात द्या. कोणी दिला नाही. सगळे माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या वर बघत होते —

बस गेली.

गुडघ्यांवर आलो खोलीपर्यंत.

२३ डिसेंबर

उठता येत नाही. दार उघडंच आहे. कुंताबाई ताट उंबऱ्यावर ठेवते, मला ओढून घेता येत नाही. ती आत येत नाही. रडते, पण आत येत नाही.

तो मागून बोलतो आता. एकच वाक्य. किती चिडलो त्याच्यावर, ओरडलो, मी का, मीच का, मी तर वजन उतरवायला आलो होतो रे —

२४ डिसेंबर

सकाळी तुलाराम आला. वाटलं, उचलायला आला. त्याने उंबऱ्यावर एक दगड ठेवला, हात जोडले, गेला.

मग दुसरा कोणी. मग बायका. भैय्यालालजीसुद्धा, रुमालात गुंडाळून आणला. कोणी रागाने नाही. देवाला ठेवावा तसा, हळू.

कुंताबाईही. तिने ताट नाही आणलं.

ढीग कमरेएवढा. सरपटत गेलो. वरचा एक दगड, लहानसा, पोराला उचलावा असा. दोन्ही हातांनी — हलला नाही.

दाराची वरची फट तेवढी उरली आहे. तीतून हाका मारल्या. नागपूरपर्यंत नको म्हणालो. बसपर्यंत. सुधाला सांगून आलो आहे. तुलाराम म्हणाला, मुनीमजी, माझं ओझं मलेच —

फट बुजत चालली. अजून एक बाई येते आहे. थांबा जी. ठेवू नका. मी काही जड नाही, बघा, काहीच खात नाही मी. कोणी तरी मले घेऊन च