चित्रातल्या बाईचं नाक

हिंगोली, मंगळवार, दिवेलागण. १९३८

आज पुन्हा तेच. पेपरातल्या चित्रांच्या चौकटींत ती बाई, अन् तिला माझंच लांब नाक. आमचे हे शाळेत ड्रॉइंग मास्तर. घरी चित्रं काढून मुंबईच्या एका कंपनीला धाडतात. कंपनी तीच चित्रं गावोगावच्या पेपरांना विकते, शब्द ज्याच्या त्याच्या भाषेत. म्हणजे अकोल्यात माझा भाऊ मराठीत हसतो, अन् हैदराबादेत कुणीतरी उर्दूत हसत असेल. विचारलं तर हे म्हणतात, "ती मुंबईची बाई हाय, तुझा काय संबंध?" मग मुंबईच्या बाईला माझं नाक काहून?

नाकाचं एक वेळ सोडा. आज ती बाई म्हणते, "सासूबाई घोरायला लागल्या की उंदीर बी घर सोडतात." ह्यांनीच ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या डोळे पुसूपुसू हसल्या. मला म्हणाल्या, "तू काहून हसून न्हाई राहिलीस गं?"

कशी हसू? ते वाक्य माझं हाय. पण मी बोलले कुणापाशी? दुपारभर शेजारच्या गंगाबाईवर संशय घेतला, तिला ताक बी दिलं न्हाई. आता आठवलं. कुणापाशी बोललेच नव्हते. मागच्या महिन्यात ह्याच वहीत लिहिलं होतं. अन् वही तर ज्वारीच्या कोठीत लपवलेली असते.

तर मास्तर, वाचूनच राहिलात तर पुढचं चित्र बी घ्या. विझलेली चूल, रिकामं ताट, अन् ताटापुढं बसलेला नवरा. नाक ह्या वेळी तुमचं काढा.