उजवा हात मांडीवर

२ नोव्हेंबर, रविवार
कणीक मळताना अंगठ्याच्या मुळाशी पुन्हा कळ आली. परात तशीच सोडून उभी राहिले. इथला रविवार म्हणजे कामाचा दिवस, शिरीष ऑफिसला निघाला होता. म्हणाला, "पोळ्या राहू देत, येताना खुब्ज आणतो." त्याला वाटतंय, माझा हात कणकेनं दुखतो. वाटू दे. पियानोचं नाव काढलं की कार्यक्रमाचं निघेल, आणि मग ओलायातल्या त्याच्या बँकेत बसल्यासारखा हा 'रिस्क, रिस्क' करत बसेल.

कार्यक्रम ४ डिसेंबरला. इतकी वर्षं रियाधमध्ये बंद दाराआड वाजवलं, आता पहिल्यांदाच तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर. नूफबरोबर. एकाच पियानोवर दोघींनी बसायचं, चार हातांचं वॉल्ट्झ. ती वरच्या सुरांत, मी खालच्या. मला हे हवंय. फार हवंय.

५ नोव्हेंबर, बुधवार
नूफ आली होती. नोकरीला लागली तरी "मिस मुग्धा" काही सुटत नाही. शाळेत होती तेव्हापासून माझ्याकडे शिकते. तिच्या आजीला तेव्हा सांगितलेलं की इंग्रजीची शिकवणी आहे. आई खाली गाडीत बसून राहायची. तीच आई आता पहिल्या रांगेत बसायचं म्हणून नवीन अबाया शिवून घेतेय.

मधल्या भागात माझा अंगठा नीट पडेना. नूफनं पाहिलं. म्हटलं, "एसीची हवा लागली." काहीही बोलते मी.

८ नोव्हेंबर, शनिवार
भाजीची पिशवी हातातून सुटली. मलाझच्या भर फुटपाथवर टोमॅटोच टोमॅटो. इरा वेचता वेचता पुटपुटत होती, "मम्मा, जस्ट टेल बाबा, यार." या मुलीला सगळं कळतं, फक्त मराठी बोलायला सांगू नका.

घरी येऊन सांगून टाकलं. शि. चिडला नाही, त्यानेच जास्त वाईट वाटलं. "उगाच कणकेवर ढकललंस होय," एवढंच बोलला आणि डॉ. सावंतांना फोन लावला.

१० नोव्हेंबर, सोमवार
कोजागिरीला मंडळात मसाला दूध ढवळणारे सावंत आणि हॉस्पिटलातले सावंत, दोन वेगळी माणसं. अंगठा मुठीत घ्यायला लावून मनगट खाली वाकवलं. मी ओरडलेच. अंगठ्याच्या शिरांवरचं आवरण सुजलंय म्हणे.

"आता वाजवून दाखवा."
"कशावर?"
"ह्या टेबलावर."
वाजवलं. त्यांच्या पेनांचा डबा नाचायला लागला.
"अहो वहिनी, पियानो वाजवताय की मिरच्या कांडताय?"

राग आला. गाडीत बसल्यावर मात्र खालच्या मजल्यावरच्या हैदराबादी रुखसानाभाभी आठवल्या. इरा तान्ही होती तेव्हा विचारायच्या, "आप रोज दोपहर को कीमा कूटते हैं क्या?" तेव्हा बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून इलेक्ट्रिक पियानो आवाज शून्यावर ठेवून वाजवायचे. हेडफोन लावला तर ना दाराची बेल ऐकू येणार, ना इराचं रडणं. सूर कानाला नाही तर नाही, निदान बोटाला तरी लागावा म्हणून पट्टी तळापर्यंत दाबायची. वर्षानुवर्षं तेच. पुढे आवाज मोठा केला, पण हात काही बदलला नाही. कुणी मारलं नाही, काही पडलं नाही. मीच माझा हात कांडत होते.

पट्टा बांधायचा, सहा आठवडे वाजवणं बंद. म्हणजे कार्यक्रम गेला. इंजेक्शनचं विचारलं. "दुखणं दबेल. पण त्याच्यावर तुम्ही पुन्हा असंच कांडलंत, तर ऑपरेशन. आणि त्यानंतर हात पहिल्यासारखा चालेल, असं मी लिहून देणार नाही."

१३ नोव्हेंबर, गुरुवार
केस इरा विंचरते. चहा शि. करतो, साखर दोनदा घालतो. दोघं इतकी चांगली वागतायत की ओरडावंसं वाटतं.

खरं लिहायचं तर भीती वाटते. इकाम्यावर, इथल्या राहण्याच्या परवान्यावर, मी नवऱ्याची अवलंबित. बाजारात इराची मम्मा. 'मिस मुग्धा' तेवढी माझी स्वतःची आहे, आणि ती सगळी या हातात.

इंजेक्शन घेऊन टाकावं का? एकदाच तर...

१७ नोव्हेंबर, सोमवार
नूफला सांगितलं. "खलास. मग मीही नाही." मी झापलं तिला. एवढी मेहनत, एवढी वाट पाहिलीस, एकटीनं वाजव. रडत गेली. दार लावून घेतल्यावर माझंही तेच.

२० नोव्हेंबर, गुरुवार
पोरगी हट्टी आहे. सगळं वॉल्ट्झ तीन हातांसाठी बसवून आणलंय. "तुमचा डावा, माझे दोन."
मी म्हटलं, "दया नकोय मला."
"दया नाही, मिस. मला तिथे एकटीला बसायची भीती वाटते."


सावंतांना विचारलं. डावा चालेल, पण त्याला तरी माणसासारखं वागवा म्हणाले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
हॉलचा नवा पियानो अजून सुलैच्या गोदामातच आहे. तालीम तिथे, एसीच्या खोक्यांच्या मधोमध. खरा पियानो, लांबलचक. डावा हात टाकला आणि नूफची सगळी धून बुडाली.
"मिस, हळू. इथे सगळं ऐकू येतं."
हसू आलं, मग डोळेच भरून आले. हे वाक्य तिला ऐकवण्यात माझी किती वर्षं गेली, तेव्हा अर्थ वेगळा होता.

अजान झाली तशा थांबलो. फोर्कलिफ्टही बंद झाली. नमाजाची वेळ सरेपर्यंत बोटं पट्ट्यांवर नुसती ठेवून बसले, न दाबता. मग वाजवलं तर सूर आपसूक निघाला. आतापर्यंत त्याला मी निघूच देत नव्हते. या वयात विद्यार्थिनीकडून 'हळू' शिकावं लागतंय. लागू दे.

२ डिसेंबर, मंगळवार
एक गोची आहे. शेवटाकडे एक छोटा तुकडा माझ्या उजव्या हाताचा. वॉल्ट्झमधला माझा सगळ्यात आवडता. नूफचे दोन्ही हात तेव्हा वर अडकलेले. तिनं ती जागा तशीच रिकामी ठेवलीय. "तिथे शांतता ठेवू. नाहीतर... तुम्ही." आणि खाली बघत राहिली.

सावंतांना फोन केला. "एवढासा तुकडासुद्धा नाही?"
"वहिनी, विचारलंत तर मी नाहीच म्हणणार. मग विचारता कशाला?"

इंजेक्शन घेतलेलं नाही. घेणार नाही. दुखलं तर मला कळलं पाहिजे.

४ डिसेंबर, गुरुवार
दुपार. साडीला इस्त्री झाली. जेवण गेलं नाही.

सकाळी ओट्यावर पट्टा काढून तो तुकडा वाजवून पाहिला. हळू, खरोखर हळू. दुखलं. पूर्वीइतकं नाही, की मलाच तसं वाटून घ्यायचंय, कोण जाणे.

शि. नं विचारलं, "उजवा हात कुठे ठेवणार?"
"मांडीवर."
"शेवटपर्यंत?"
साडीच्या पिना शोधत राहिले. तोही मग पिना शोधायला लागला. शहाणा आहे.

नूफची गाडी खाली येऊन उभी आहे. इरा पट्टा बांधायला बसली, आणि आज चक्क मराठीत विचारते, "घट्ट बांधू?"
म्हटलं, "नको. जरा सैल राहू दे."
माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं सैल केला.